किनाऱ्यावर बसणारीही नौसैनिकच

"रेन्समध्ये या आणि आरमारासाठी एक पुरुष मोकळा करा." दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने स्त्रियांच्या भरतीसाठी जी भित्तिपत्रकं लावली, त्यांवरचं हे आवाहन. रेन्स म्हणजे विमेन्स रॉयल नेव्हल सर्व्हिसमधल्या मुली. अमेरिकेच्या नौदलाने आपल्या स्त्री-दलासाठी जवळजवळ हीच भाषा वापरली. आवाहन यशस्वी झालं. एप्रिल १९३९ मध्ये नव्याने उभ्या केलेल्या या दलाची संख्या १९४४ मध्ये ७४ हजारांच्या आसपास पोहोचली. पण त्या एका ओळीने नौदलातल्या स्त्रियांचं जे नुकसान केलं, ते आजही पुरतं भरून निघालेलं नाही. आणि तिची सावली थेट आपल्या १९५७ च्या नौदल कायद्यावर, २०२० च्या सर्वोच्च न्यायालयातल्या युक्तिवादावर पडलेली आहे, असं माझं मत आहे.

त्या ओळीत बाई स्वतः काही करते असं कुठेच म्हटलेलं नाही. काम पुरुषाचं, जागाही त्याचीच. ती फक्त तो येईपर्यंत तिथे बसणार. अशी बदली म्हणून आलेल्या माणसाला पगार कमी दिला तरी चालतो, पद कच्चं ठेवलं तरी चालतं, आणि गरज सरली की घरी पाठवताना फार समजावून सांगावं लागत नाही. तिन्ही गोष्टी झाल्या. ब्रिटनमध्ये युद्धकाळात लष्करी सेवेतल्या स्त्रियांचा पगार त्याच दर्जाच्या पुरुषाच्या साधारण दोन-तृतीयांश होता. रेन्सना नौदलाचा शिस्तीचा कायदा लागू झाला तो थेट १९७७ मध्ये, म्हणजे दोन महायुद्धं करून झाल्यावर. तोपर्यंत कायद्याच्या नजरेत त्या नौदलाच्या शेजारी उभ्या होत्या, आत नव्हत्या.

याला उत्तर देताना बहुतेक जण एक सोपी वाट धरतात. बायकाही समुद्रावर जाऊ शकतात, जहाज चालवू शकतात, तोफ डागू शकतात, हे दाखवून देतात. ते खरंच आहे, आणि दाखवायलाच हवं. पण त्यात एक गोष्ट आपण नकळत मान्य करून बसतो, की खरं नौदल म्हणजे समुद्रावरचं नौदल आणि किनाऱ्यावरचं काम दुय्यम. माझा वाद नेमका इथे आहे. दुसऱ्या महायुद्धातली समुद्रावरची लढाई फार मोठ्या प्रमाणात किनाऱ्यावर लढली गेली, आणि किनाऱ्यावर ती लढणाऱ्यांमध्ये हजारो स्त्रिया होत्या. त्या कुणाची जागा राखत नव्हत्या. त्या युद्ध करत होत्या.

याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण लिव्हरपूलमधलं आहे, आणि ते जरा सविस्तर सांगण्याजोगं आहे. १९४२ च्या सुरुवातीला ब्रिटनची मान जर्मन पाणबुड्यांच्या तावडीत होती. अमेरिकेकडून धान्य, तेल, पोलाद, दारूगोळा घेऊन येणारे मालवाहू जहाजांचे तांडे अटलांटिकमध्ये एकामागून एक फुटत होते. सोबत असलेल्या संरक्षक जहाजांच्या कप्तानांना नेमकं काय करावं हे ठाऊक नव्हतं. प्रत्येक जण आपल्या अंदाजाने वागत होता. क्षयरोगामुळे नौदलातून निवृत्त व्हावं लागलेल्या कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांना परत बोलावून एक काम दिलं गेलं: पाणबुड्या काय करतात ते शोधा आणि उपाय सांगा. लिव्हरपूलच्या डर्बी हाउसमध्ये, जिथून अटलांटिकची सगळी लढाई हाकली जात होती, त्याच इमारतीत त्यांना जागा मिळाली आणि मदतीला दिल्या गेल्या रेन्स.

त्यांनी तिथे युद्ध चक्क जमिनीवर मांडलं. फरशीवर चौकोन आखून तोच समुद्र मानला. जहाजांच्या छोट्या प्रतिकृती ठेवल्या. कडेने कापडी पडदे लावले आणि त्यांना झरोके ठेवले. शिकायला आलेला अधिकारी पडद्यामागून झरोक्यातून बघणार, म्हणजे रात्रीच्या वादळात जहाजावरून जेवढं दिसेल तेवढंच त्याला दिसणार. पाणबुडीचा मार्ग खडूने आखला जाई, तोही अशा रंगात की पडद्यामागून तो दिसू नये. जहाजाचा वेग, वळायला लागणारा वेळ, टॉर्पेडोचा पल्ला, पाणबुडीच्या बॅटरीची मर्यादा, हा सगळा हिशेब त्या मुली करत. अधिकाऱ्याने चिठ्ठीवर आदेश लिहून द्यायचा, त्यांनी गुडघ्यांवर बसून जहाज हलवायचं, आणि पुढच्या चालीला काय घडतं ते त्याला दाखवायचं.

पहिलाच मोठा शोध त्या खोलीत लागला. तोवर समज असा होता की पाणबुडी तांड्याच्या बाहेर राहून लांबून टॉर्पेडो सोडते. म्हणून जहाज फुटलं की संरक्षक जहाजं बाहेरच्या दिशेने धावत आणि आकाशात प्रकाशगोळे सोडत. प्रत्यक्ष लढायांच्या नोंदी घेऊन फरशीवर अंतरं आणि वेळा जुळवून पाहिल्या तेव्हा ध्यानात आलं की हे गणित बसतच नाही. बसतं ते एकाच प्रकारे: पाणबुडी रात्री पृष्ठभागावर येऊन, मागच्या बाजूने तांड्याच्या आत शिरलेली असते. जहाजांच्या रांगांमधून ती जवळून मारा करते, मग बुडी घेते आणि तांडा पुढे निघून जाईपर्यंत थांबून राहते. शत्रू बाहेर नव्हताच, तो पोटात होता. मग उपायही त्याच फरशीवर घडला. जहाज फुटताच संरक्षकांनी मागच्या बाजूला येऊन रांग धरायची आणि तिथला समुद्र विंचरून काढायचा. या डावपेचाचं 'रास्पबेरी' हे नाव जीन लेडलॉ या रेनने सुचवलं, हिटलरला वेडावून दाखवण्याच्या अर्थाने (इंग्रजीत रास्पबेरी हे फळ, आणि तोंडाने काढलेला चिडवण्याचा आवाजही). पुढे त्याच फळांच्या मालिकेत आणखी डावपेच आले. आकडेमोड करणाऱ्यांत लेडलॉबरोबर जॅनेट ओकेल होती. या दोघींनी त्याआधी समुद्रावर लढाई कधी पाहिली नव्हती. आणि ज्यांनी ती रोज पाहिली होती, अशा अधिकाऱ्यांना त्या शिकवत होत्या. युद्ध संपेपर्यंत जवळपास ५,००० अधिकारी या फरशीवर शिकून गेले.

अ‍ॅडमिरल मॅक्स हॉर्टन यांची गोष्ट तिथे सांगितली जाते. हे स्वतः पहिल्या महायुद्धातले नावाजलेले पाणबुडी-कप्तान. सरावात त्यांनी पाणबुडीची बाजू घेतली आणि पाच वेळा त्यांची पाणबुडी बुडाली. पडद्यापलीकडून त्यांना कोण हरवतंय हे कळलं तेव्हा समोर जॅनेट ओकेल उभी होती. मे १९४३ मध्ये जर्मनीने ४१ पाणबुड्या गमावल्या आणि अटलांटिकमधलं पारडं फिरलं. त्यात रडारचा वाटा होता, लांब पल्ल्याच्या विमानांचा होता, संदेशांचे संकेत उलगडणाऱ्यांचा होता. पण संरक्षक जहाजं रात्री नेमकी कशी वळली, हे त्या फरशीवर ठरलं होतं. आता सांगा, जॅनेट ओकेलने कोणता पुरुष मोकळा केला? ती जे करत होती ते करणारा पुरुष त्या खुर्चीत आधी बसलेलाच नव्हता. ती खुर्चीच नवी होती.

लिव्हरपूलची गोष्ट अपवाद नाही, हे सांगण्यासाठी संकेत उलगडण्याच्या कामाकडे बघावं. जर्मनांच्या एनिग्मा या संकेतयंत्राच्या संदेशांच्या रोजच्या किल्ल्या शोधणारी 'बॉम्ब' नावाची प्रचंड यंत्रं लंडनजवळच्या ईस्टकोट आणि स्टॅनमोरला बसवली होती आणि ती चालवायला रेन्स होत्या. आठ-आठ तासांच्या पाळ्या, त्याही उभ्याने, यंत्रांची खडखड, तेलाने माखलेले हात, तारा एका केसाइतक्याही चुकल्या तर सगळा फेरा वाया. यातून काय निष्पन्न होतं हे त्यांना सांगितलं जात नसे. ब्रिटनच्या संकेत उलगडण्याच्या मुख्य केंद्रात, ब्लेचली पार्कमध्ये, कलोसस हे इलेक्ट्रॉनिक यंत्र चालवणाऱ्या विभागात युद्धाच्या शेवटी २७ पुरुष आणि २७२ रेन्स होत्या. या सगळ्यांनी गुप्ततेची शपथ घेतली होती आणि ती त्यांनी पाळली. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे काम जगापुढे आलं नाही. तोवर कित्येकींचे आईवडील वारले होते. मुलगी युद्धात नौदलाच्या कचेरीत कारकुनी करत होती, एवढंच त्यांना माहीत राहिलं. पुरुषांच्या शौर्याच्या कथा छापल्या जात असताना या गप्प राहिल्या, आणि त्यांच्या गप्प राहण्यालाच पुढे लोकांनी त्यांच्या कामाचं माप मानलं.

"पण जिवाचा धोका कुठे होता?" हा आक्षेप नेहमी येतो, आणि गंभीरपणे येतो. त्याला दोन उत्तरं आहेत. एक साधं आहे: धोका होता. ऑगस्ट १९४१ मध्ये जिब्राल्टरला निघालेलं आगिला हे जहाज पाणबुडीने बुडवलं. त्यावरच्या २१ रेन्स आणि त्यांच्याबरोबरची एक परिचारिका, सगळ्या मरण पावल्या. रेन्सपैकी बहुतेक जणी सांकेतिक संदेशांचं आणि बिनतारी संदेशांचं काम करण्यासाठी स्वेच्छेने निघाल्या होत्या. संपूर्ण युद्धात ३०३ रेन्स गेल्या. आणि किनारा म्हणजे सुरक्षित जागा हा समज निदान मुंबईने तरी बाळगू नये. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजावरच्या कापसाला आग लागली, पोटातला दारूगोळा फुटला आणि गोदीच्या आजूबाजूची मुंबई होरपळली. शेकडो माणसं गेली, हजारो बेघर झाली. त्या दिवशी शत्रू शेकडो मैलांच्या आसपासही नव्हता.

दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. धोक्याचं माप फक्त बायकांनाच का लावायचं? कोणत्याही नौदलात गोदीतले, कोठारातले, हिशेबखात्यातले, प्रशिक्षण केंद्रातले हजारो पुरुष असतात. युद्धभर त्यांच्यातल्या अनेकांनी खाऱ्या पाण्याचा शिंतोडाही अंगावर घेतला नाही. त्यांना कुणी मदतनीस म्हटलं नाही. त्यांना पदकं मिळाली, निवृत्तिवेतन मिळालं, गावातल्या स्मारकाच्या कार्यक्रमाला ते गणवेशात बसले. त्याच खोलीतल्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाईला मात्र विचारलं गेलं की तू समुद्रावर होतीस का. धोका हा निकष असेल तर तो दोघांना लावा. नसेल तर कुणालाच लावू नका.

अमेरिकेची हकीकत याच वादाचा कायद्याच्या अंगाने पुरावा देते. १९१६ च्या त्यांच्या कायद्यात नौदलाच्या राखीव दलासाठी 'व्यक्ती' भरती करण्याची तरतूद होती, 'पुरुष' असं म्हटलेलं नव्हतं. नौदलमंत्री जोसेफस डॅनियल्स यांनी त्याचा आधार घेऊन मार्च १९१७ पासून स्त्रियांची भरती सुरू केली. ११ हजारांहून जास्त जणी आल्या, आणि पुरुषांइतक्याच पगारावर आल्या. म्हणजे १९१७ मध्येच समान पगार देऊन एक मोठं नौदल चाललं होतं. मग १९२५ मध्ये नवा कायदा करून राखीव दल पुरुष नागरिकांपुरतं करण्यात आलं. चुकून उघडं राहिलेलं दार लक्षात आल्यावर आतून कडी घातली गेली. १९४२ मध्ये पुन्हा गरज पडली तेव्हा पुन्हा कायदा करावा लागला, ३० जुलैला रूझवेल्टनी सही केली आणि 'वेव्हज' हे दल उभं राहिलं. वेलस्ली कॉलेजच्या अध्यक्षा मिल्ड्रेड मॅकअफी त्याच्या प्रमुख झाल्या. युद्ध संपेपर्यंत ८० हजारांहून जास्त स्त्रिया त्यात होत्या. कृष्णवर्णीय स्त्रियांना १९४४ च्या ऑक्टोबरपर्यंत दार बंदच होतं. हॅरिएट पिकन्स आणि फ्रान्सिस विल्स या पहिल्या दोन कृष्णवर्णीय अधिकारी झाल्या तेव्हा १९४४ चा डिसेंबर सरत आला होता. माणसं कमी पडत असतानाही कुणाला घ्यायचं नाही याबद्दलचा आग्रह सुटत नव्हता.

त्याच दलातून आलेल्या ग्रेस हॉपरने हार्वर्डच्या मार्क वन संगणकावर नौदलाची गणितं केली. युद्धानंतर तिला नियमित नौदलात घ्यायला वयाचं कारण देऊन नकार मिळाला, पण राखीव दलात ती टिकून राहिली. पुढे संगणकाच्या भाषा घडवण्यात तिचा मोठा हात होता, आणि १९८६ मध्ये ती रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाली. तिला ठेवलं म्हणून आपल्याला तिचं नाव माहीत आहे. १९४५-४६ मध्ये घरी पाठवलेल्यांमध्ये किती हॉपर होत्या, हे मोजायला काहीच साधन नाही.

आता आपल्याकडे. रोसाइथ या स्कॉटलंडमधल्या नौदल तळावर जून १९४५ मध्ये काढलेलं एक छायाचित्र इतिहासाची आवड असलेल्यांनी कधीतरी पाहिलं असेल. त्यात साडीच्या गणवेशातल्या एक भारतीय अधिकारी आहेत, सेकंड ऑफिसर कल्याणी सेन. ब्रिटनला अधिकृत भेट देणाऱ्या त्या पहिल्या भारतीय लष्करी स्त्री. रेन्सचं प्रशिक्षण आणि कारभार कसा चालतो याचा अभ्यास करायला त्या गेल्या होत्या. त्या ज्या दलाच्या होत्या ते दल म्हणजे विमेन्स रॉयल इंडियन नेव्हल सर्व्हिस. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या विमेन्स ऑक्झिलरी कोअरची नौदल शाखा १९४४ मध्ये या नावाने वेगळी ओळखली जाऊ लागली. रॉयल इंडियन नेव्ही युद्धात अनेक पटींनी वाढली होती, मुंबई हा तिचा कणा होता, आणि संदेश, संकेत, नोंदी, कचेरी अशा कामांना माणसं हवी होती. भरती झालेल्यांत अँग्लो-इंडियन मुली बऱ्याच होत्या, तशा इतरही होत्या. परक्या पुरुषांबरोबर कचेरीत काम करणं हेच जिथे अनेक घरांत अब्रूचा प्रश्न होतं, तिथे त्या गणवेश घालून रात्रपाळीला जात होत्या.

या स्त्रियांबद्दल आपल्याकडे जवळजवळ काही लिहिलं गेलेलं नाही, आणि त्याचं कारण अवघड आहे. त्याच काळात सिंगापूरला नेताजींच्या आझाद हिंद फौजेत राणी झाशी रेजिमेंट उभी राहिली होती. कॅप्टन लक्ष्मी यांचं नाव शाळकरी मुलांनाही माहीत आहे, आणि ते असायलाच हवं. पण या दुसऱ्या स्त्रिया ब्रिटिश राजाच्या नौदलात होत्या. चले जाव चळवळीतले हजारो तुरुंगात असताना यांनी राजाचा मुकुट टोपीवर लावला होता. स्वतंत्र भारताला त्यांचं काय करावं हे कळलं नाही. कळायला जड गेलं असणार, हे मला समजतं. मुंबईत तलवार या संदेश-प्रशिक्षण केंद्रातून १८ फेब्रुवारी १९४६ ला नाविकांचा उठाव पेटला, आणि त्या उठावातल्या नाविकांनाही नव्या नौदलात परत घेतलं गेलं नाही. म्हणजे ज्यांनी बंड केलं त्यांनाही जागा नव्हती, आणि ज्या शिस्तीत काम करत राहिल्या त्यांनाही.

तरीही राजाच्या सेवेत असल्याचा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही. कारण तोच आक्षेप पुरुष अधिकाऱ्यांवर घेतला गेला नाही. रॉयल इंडियन नेव्हीतले भारतीय अधिकारी स्वातंत्र्यानंतर भारतीय नौदलाचे अधिकारी झाले, पुढे नौदलप्रमुखही झाले. त्यांचा युद्धातला अनुभव देशाच्या उपयोगी पडला आणि त्यात काही गैर नाही. मग तोच अनुभव असलेल्या बायकांचं दल गुंडाळून टाकताना राष्ट्रवादाचं कारण कसं पुढे करता येईल? खरं कारण तेच, भित्तिपत्रकावरचं. पुरुष मोकळे करायला त्या आल्या होत्या. आता पुरुष परत आले.

आणि मग आला १९५७ चा नौदल कायदा. त्याच्या नवव्या कलमाचं दुसरं पोटकलम म्हणतं की केंद्र सरकार अधिसूचनेने ज्या शाखा सांगेल त्या सोडून कोणतीही स्त्री भारतीय नौदलात नेमणुकीस किंवा भरतीस पात्र असणार नाही. सात वर्षांपूर्वी लागू झालेल्या राज्यघटनेने सार्वजनिक नोकरीत लिंगभेद करायला मनाई केली होती. सैन्यदलांच्या बाबतीत हक्कांवर मर्यादा घालायची मुभा संसदेला होती आणि ती इथे वापरली गेली. अवघ्या दहा-बारा वर्षांपूर्वी याच बंदरांत स्त्रियांनी गणवेशात काम केलं होतं, याची त्या कलमात खूणही नाही. वैद्यकीय शाखा वगळता पुढे तीन दशकं काही हललं नाही. १९९१ च्या अधिसूचनेनंतर, १९९२ पासून, रसद, कायदा, शिक्षण या शाखांत स्त्री अधिकारी आल्या. शाखांची ही यादी बघा. सगळ्या किनाऱ्यावरच्या. म्हणजे १९४४ मध्ये जिथे थांबलो होतो तिथूनच, जवळपास अर्ध्या शतकानंतर, पुन्हा सुरुवात.

शिवाय सेवा अल्पमुदतीची. जास्तीत जास्त १४ वर्षं, मग घरी. निवृत्तिवेतनासाठी अधिकाऱ्याला २० वर्षं लागतात. साधी वजाबाकी केली तरी कळतं की या नियमाने कुणाला काय मिळणार नव्हतं. चाळिशीच्या उंबरठ्यावर, दीड दशकाचा अनुभव घेऊन, या अधिकारी बाहेर पडत होत्या, आणि त्यांच्याच तुकडीतले पुरुष कायम सेवेसाठी विचारात घेतले जात होते. त्या न्यायालयात गेल्या. १७ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅनी नागराज यांच्या प्रकरणात निकाल दिला: कायम सेवेसाठी स्त्री अधिकाऱ्यांचा पुरुषांबरोबरीने विचार झालाच पाहिजे. सरकारच्या बाजूने जे मुद्दे मांडले गेले त्यांत एक असा होता की काही रशियन बनावटीच्या जहाजांवर स्त्रियांची सोय नाही. न्यायालयाने तो फेटाळला. मला त्यात वेगळंच काही खटकलं. किनाऱ्यावर चौदा वर्षं काम केलेल्या अधिकाऱ्याला कायम करायचं की नाही याचा निर्णय जहाजावरच्या सोयीसुविधांवर का अवलंबून असावा? कारण मनात कुठेतरी तेच घट्ट बसलेलं होतं. नौदल म्हणजे जहाज, आणि जहाजावर नाही ती नौदलाची नाही.

या निकालाच्या आगेमागे गोष्टी झपाट्याने बदलल्या, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. डिसेंबर २०१९ मध्येच शिवांगी नौदलाच्या पहिल्या स्त्री वैमानिक झाल्या होत्या. गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या कारखान्यात बांधलेल्या तारिणी या शिडाच्या नौकेतून सहा स्त्री अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०२४-२५ मध्ये दिलना आणि रूपा या दोघींनीच ती पुन्हा केली, गोव्याहून निघून गोव्याला परत. मुंबईच्या प्रेरणा देवस्थळी यांना त्रिंकट या युद्धनौकेची कमान मिळाली, आणि भारतीय युद्धनौकेचं नेतृत्व करणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव झालं. अग्निवीर योजनेतून आता नाविकांच्या पातळीवरही मुली येताहेत. त्या योजनेची चार वर्षांची मुदत मुलांनाही तेवढीच आहे, त्यामुळे तिच्यावरची टीका हा स्वतंत्र विषय आहे आणि ती स्त्रियांच्या खात्यावर टाकू नये.

पण या बातम्या वाचताना एक काळजी वाटते. कौतुकाचा सगळा झोत समुद्रावर आहे. पहिली कप्तान, पहिली वैमानिक, पहिली प्रदक्षिणा. वर्तमानपत्रात छायाचित्र येतं ते यांचंच. ज्या अधिकारी रसदशाखेत बसून एखाद्या विनाशिकेला सहा महिन्यांच्या मोहिमेवर जाण्याइतकं इंधन, सुटे भाग आणि शिधा वेळेवर पोहोचवतात, ज्या संदेश-कक्षात रात्र काढतात, ज्या हवामानाचा नकाशा वाचून जहाजाचा मार्ग बदलायला सांगतात, त्यांची बातमी होत नाही. आपण भित्तिपत्रकावरची ओळ पुसली असं समजतो, पण तिच्या मागची समजूत तशीच ठेवून फक्त काही स्त्रियांना रेषेच्या पलीकडे नेतो. उरलेल्या जणी होत्या तिथेच राहतात. आणि उद्या पदोन्नतीची वेळ आली की समुद्रावरचा अनुभव किती, हाच पहिला प्रश्न होणार असेल, तर किनाऱ्यावर उत्तम काम केलेल्या अधिकाऱ्याच्या हाती, मग ती बाई असो वा पुरुष, फार काही उरत नाही.

उलट आजचं नौदल १९४२ पेक्षा किनाऱ्यावर जास्त अवलंबून आहे. उपग्रहाने पाठवलेली छायाचित्रं, सागरी हालचालींवर नजर ठेवणारी केंद्रं, दूरनियंत्रित विमानं, संगणकांच्या जाळ्यांवरचे हल्ले परतवणारी पथकं. २००८ च्या २६ नोव्हेंबरला दहा जण समुद्रावरून मुंबईत उतरले ते आपल्याकडे जहाजं नव्हती म्हणून नव्हे. निरनिराळ्या संस्थांकडच्या माहितीचे तुकडे कुणी एका टेबलावर जोडले नव्हते म्हणून. त्यानंतर किनारी सुरक्षेची जी नवी घडी बसवली गेली तिचा गाभा माहिती एकत्र आणणं हाच आहे. डर्बी हाउसच्या फरशीवर त्या मुली हेच करत होत्या.

म्हणून काही गोष्टी मागाव्याशा वाटतात. कायम सेवेच्या आणि पदोन्नतीच्या निकषांमध्ये किनाऱ्यावरच्या नेमणुकांना, विशेषतः संदेश, माहिती आणि रसद या शाखांतल्या नेमणुकांना, समुद्रावरच्या नेमणुकांच्या तोडीचं वजन मिळावं. १९५७ च्या कायद्यातलं ते पोटकलम, अधिसूचनांनी त्याची धार आता जवळपास गेलेली असली तरी, कायद्याच्या पुस्तकातून काढून टाकावं. आज ज्या मुली नौदलात आहेत त्या एका सरकारी अधिसूचनेच्या मेहेरबानीवर नाहीत, हे कायद्याने स्पष्ट म्हणायला हवं. ब्रिटनने १९९३ मध्ये रेन्सचं वेगळं दल नौदलात पूर्ण विलीन केलं, म्हणजे वेगळेपणाची चौकट मोडता येते.

आणि तिसरी मागणी मुंबईकडे आहे. १९४२ ते १९४७ या काळात या बंदरात नौदलाच्या गणवेशात काम केलेल्या भारतीय स्त्रियांची नावानिशी यादी व्हायला हवी. त्यांच्यातली सर्वांत लहान असेल तीही आज शंभरीच्या घरात असेल. कागद नौदलाच्या इतिहास विभागात असतील, राष्ट्रीय अभिलेखागारात असतील, लंडनला असतील. पण बरंचसं भायखळ्याच्या, वांद्र्याच्या, पुण्याच्या, गोव्याच्या घरांत असणार: एखादं प्रशस्तिपत्र, एखादं छायाचित्र, सुटीच्या अर्जाची प्रत. माळ्यावरच्या ट्रंका रिकाम्या करताना हे कागद रद्दीत जातात. विद्यापीठाच्या एखाद्या इतिहास विभागाने दोन वर्षं विद्यार्थ्यांना या कामाला लावलं तर पुष्कळ काही हाती येईल, आणि काम आता सुरू व्हायला हवं, कारण घरांतल्या ज्या मुलींना आणि भाच्यांना या गोष्टी ऐकून माहीत आहेत त्यांचंही वय सत्तरीच्या पुढे गेलं आहे.